बर्फाच्या दिवसांचा पगार

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जानेवारीतल्या हिमवादळात माझ्या यजमानांच्या कंपनीने सोमवारी ऑफिस बंद ठेवले. मंगळवारी ते उघडले, पण गल्लीतला बर्फ उपसलेला नसल्याने गाडी निघेना, म्हणून सकाळचा कॉल त्यांनी घरूनच घेतला. पगारातून दोन्ही दिवस कापले गेले. मी एका दुकानात ताशी पगारावर आहे; मंगळवारी कशीबशी पोहोचले, तर ‘गिऱ्हाईक नाही’ म्हणून वीस मिनिटांत परत पाठवले. यजमान एच-१बी व्हिसावर असल्याने तक्रार करायला कचरतात.
– एक वाचक

उत्तर : तुम्हा दोघांना निराळे नियम लागू होतात. यजमान, संगणक क्षेत्रातील बहुतेकांप्रमाणे, ओव्हरटाइम न मिळणाऱ्या ठरावीक पगाराच्या, म्हणजे ‘एक्झेम्प्ट’ वर्गात असतील, तर १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्या आठवड्यात त्यांनी थोडेही काम केले आहे त्या आठवड्यात कंपनीने स्वतः बंद ठेवलेल्या दिवसाचा पगार कापता येत नाही. सोमवारची कपात त्यामुळे चुकीचीच आहे. कंपनी तो दिवस त्यांच्या शिल्लक रजेतून मात्र वजा करू शकते. कायदा पगार राखतो, रजा राखत नाही, आणि पुष्कळांची गफलत इथेच होते.

मंगळवारची बाब जरा नाजूक आहे. ऑफिस उघडे असताना हवामानामुळे कोणी पूर्ण दिवस कामच केले नाही, तर ती वैयक्तिक गैरहजेरी धरून दिवसाचा पगार कापण्याची मुभा कंपनीला आहे, मग दारात कमरेइतका बर्फ का असेना. अर्धवट दिवस मात्र कापता येत नाही, आणि सकाळचा कॉल हे कामच होय. त्या कॉलचे निमंत्रण आणि नंतरच्या ई-मेल जपून ठेवाव्यात.

व्हिसाची धास्ती अनाठायी आहे. एच-१बी कर्मचाऱ्याचे काम कंपनीच्या निर्णयामुळे थांबले, तरी ठरलेले वेतन देण्याचे बंधन तिच्यावर असते; केंद्रीय श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे तक्रार केली म्हणून कामावरून काढणे हेही बेकायदाच ठरते.

तुम्हाला, ताशी पगार असल्याने, केंद्रीय कायद्याने केवळ वीस मिनिटांचेच पैसे मिळतील. न्यू जर्सीचा नियम मात्र असा की, मालकाच्या सांगण्यावरून कामावर हजर झालेल्यास किमान एका तासाचा पगार द्यावा. आधी ठरलेले किमान तास दुकानाने दिलेले असतील, तर हा हक्क राहत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये, कामाची पाळी तीन तासांची किंवा अधिक असल्यास, हाच हिशेब तीन तासांचा आहे. तेव्हा आधी पगाराच्या स्लिपवर मंगळवारपुढे किती वेळ मांडला आहे, तेवढे पाहावे.