देव-घेवीच्या टेबलावरची वही

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वयाच्या चोविसाव्या वर्षी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. संचालक मंडळाने संगणकीकरणाला पैसे मंजूर केलेत आणि "बाई, आधी काय घेऊ?" असं तू विचारलंयस. सोबत यादी आहे: आरएफआयडीचं (पुस्तकातली चिप रेडिओलहरींनी ओळखणारं) गेट, टच स्क्रीनचा कियॉस्क, मोबाइल ॲप, दहा टॅब. यादी मी दोनदा वाचली. तिच्यावर बोलते, पण जरा थांबून.

आधी एक दोनशेपानी वही आण आणि देव-घेवीच्या टेबलावर ठेव. जो कुणी काही मागायला आला आणि रिकाम्या हाताने गेला, त्याची एक ओळ लिहायची. नाव नको. काय मागितलं आणि आपण काय उत्तर दिलं, एवढंच. मी अशी वही सुरू केली तेव्हा नोकरीला सोळा वर्षं झाली होती, आणि माझ्या वाचकांना काय हवं असतं ते मला पाठ आहे अशी माझी खात्री होती. पहिल्या महिन्यात कादंबरी न मिळाल्यामुळे परत गेलेले मोजून चार निघाले. बाकीच्यांचं मागणं असं होतं: शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज कुठे भरतात, पोलीस भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका, जिल्ह्याचं गॅझेटियर, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय त्याची मराठीत माहिती, तिसरीतल्या मुलासाठी "कमी ओळींचं आणि मोठ्या अक्षराचं" पुस्तक. एका मुलाने फक्त फोन चार्ज करायला मिळेल का, असं विचारलं होतं. माझ्या सहायकाने त्याला "हे वाचनालय आहे" असं उत्तर दिलं होतं, आणि प्रामाणिकपणे तेही वहीत लिहिलं होतं. ती ओळ मला अजून टोचते. तो मुलगा पुन्हा आला नाही.

आता यंत्रांकडे येते. तुझ्याकडे रोज पन्नास-साठ पुस्तकांची देव-घेव होते, असं तू लिहिलंयस. तेवढ्याला बारकोड पुरतो. आरएफआयडीचा टॅग प्रत्येक पुस्तकात चिकटवावा लागतो, वाचणारं यंत्र वेगळं, गेट वेगळं, आणि दुरुस्तीला माणूस शहरातून येणार. मोठ्या शहरात दिवसाला हजार पुस्तकं फिरत असतील तिथे तो खर्च योग्य. तू तो पैसा सूचीवर, म्हणजे कोणतं पुस्तक कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींवर लाव.

सूची म्हटलं की तुमच्या पिढीला ते जुनं, धुळीचं काम वाटतं. पण आमच्याकडे काय झालं ते ऐक. 2004 साली पंधरा हजार पुस्तकांच्या नोंदी आम्ही संगणकावर चढवल्या. दोन मुली आठ महिने दाखल नोंदवही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नोंदी त्या वेळच्या एका विकतच्या मराठी फाँटमध्ये होत्या. काही वर्षांनी संगणक बदलला आणि एका सकाळी सगळ्या लेखकांच्या जागी रोमन अक्षरं, उलटे स्वल्पविराम आणि रिकामे चौकोन दिसू लागले. नोंद जागेवर होती, वाचता मात्र येईना. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत आणायला मला दोन उन्हाळे लागले, आणि जोडाक्षरं तर हातानेच दुरुस्त करावी लागली. तुझ्या वाचनालयात जुन्या नोंदी असतील तर त्या कोणत्या फाँटमध्ये आहेत हे पहिल्या आठवड्यात बघून घे.

युनिकोड आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. "कऱ्हाड" हा शब्द घे. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. कुणी ऱ घेऊन त्याचा पाय मोडतं, कुणी साधा र घेऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. वाचक शोधतो, सूची "नाही" म्हणते, आणि पुस्तक चार पावलांवर कपाटात असतं. म्हणून नोंदी सुरू करण्याआधी एक पानाचा नियम लिही: सगळ्यांनी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेला प्रमाण कीबोर्ड वापरायचा, आडनाव आधी, आद्याक्षरांमध्ये टिंब आणि जागा किती, टोपणनावाने लिहिणाऱ्यांची नोंद कुठे. तो कागद भिंतीवर लाव. आणि पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य 891.46 वर येतं हे तू शिकलीसच, पण आपल्या वाचनालयात अर्ध्याहून जास्त कपाटं त्याच आकड्यावर येतात. तेव्हा पुढचे उपविभाग वाचक ज्या शब्दांनी मागतो त्या शब्दांचे कर. ऐतिहासिक कादंबरी मागणारा माणूस आकडा मागत नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं. ते मला अशा ठिकाणी खरं वाटतं.

सॉफ्टवेअरसाठी एक पैसाही देऊ नकोस. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे, आणि कोहा आहे. मी कोहा निवडलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या वाचनालयांची जुनी संगणक व्यवस्था 2000 साल उजाडताच बंद पडणार होती. तिथल्या लोकांनी नवी, म्हणजेच कोहा, लिहून घेतली, 2000च्या जानेवारीत सुरू केली आणि जगाला फुकट देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण परतफेडीची जाण असलेली भेट. आपला आहेर तसाच असतो. तुझ्या तालुक्यातल्या पाच छोट्या वाचनालयांना तू तुझ्या नोंदी वापरायला दिल्यास तर तो आहेर पुढे गेला असं मी समजेन. प्रत्येकाने तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा टंकणं हा आपल्याकडचा फार मोठा अपव्यय आहे. राज्यात अकरा हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, विचार कर.

अभ्यासिकेबद्दल तू रागाने लिहिलंयस. मुलं सकाळी सहाला येतात, बॅग ठेवून जागा अडवतात, स्वतःचीच पुस्तकं वाचतात, वर्ष वर्ष आपल्या कपाटाला हात लावत नाहीत. जुने सभासद कुरकुरतात की वाचनालयाची खानावळ झाली. मला हे सगळं ठाऊक आहे आणि तरी मी त्या मुलांच्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या 1967च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही, दक्षिणेतल्या काही राज्यांत तो आहे. आपण अनुदानावर, वर्गणीवर आणि देणगीवर जगतो. अनुदानाचा हप्ता लांबला की विजेचं बिल अभ्यासिकेच्या फीमधून भरलं जातं. पण मी पैशासाठी त्यांची बाजू घेत नाही. बावीस वर्षांचा मुलगा, घरात सहा माणसं आणि एक खोली, वर्षभरात एका परीक्षेवर सगळं टांगलेलं. त्याला गावात शांत बसायला मिळणारी दुसरी जागा सांग.

त्यांना पुस्तकांकडे आणायचं तर पुस्तकं त्यांच्याकडे ने. आम्ही अभ्यासिकेतच पाण्याच्या पिंपाशेजारी चाळीस पुस्तकांचं एक उघडं कपाट ठेवलं. नोंद नाही, कार्ड नाही, तिथेच वाचायचं आणि तिथेच ठेवायचं. प्रवासवर्णनं, शिकारकथा, छोटी चरित्रं, हास्यचित्रं. डबा खाल्ल्यावर मुलं उभ्या उभ्या दहा मिनिटं चाळायची. वर्षअखेरीस सहा पुस्तकं गेली होती. मंडळाच्या बैठकीत मला जाब विचारला गेला. मी फाटायला आलेली बाकीची चौतीस टेबलावर मांडली आणि म्हटलं, आतल्या बंद कपाटातलं एक पुस्तक एवढं वापरलेलं दाखवा. महाबळेश्वरजवळच्या भिलार या 'पुस्तकांच्या गावा'त 2017पासून लोकांनी आपल्या घरांच्या ओसरीत पुस्तकं उघडी ठेवली आहेत, आणि आपण अजून कुलपाची किल्ली कमरेला लावून फिरतो. मुक्तद्वार कर, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटातून पुस्तक घेऊ दे. हळूहळू कर, पण कर.

मुलींचं वेगळं सांगते. माझ्या अभ्यासिकेत मुली संध्याकाळी सहाच्या पुढे थांबत नव्हत्या. मी समजत होते, घरचे सोडत नाहीत. एकीने खूप संकोचत सांगितलं तेव्हा कळलं की स्वच्छतागृहाची कडी आतून लागत नाही आणि मागच्या बोळात दिवा नाही. कडी, बल्ब आणि सुताराची मजुरी मिळून खर्च पाचशेच्या आत. दोन महिन्यांत संध्याकाळच्या मुली दुप्पट झाल्या. तुझ्या यादीत या दोन वस्तू नाहीत. आज जाऊन कडी बघ.

अर्ज भरून देण्याचं काम तुझ्या वहीत सर्वांत वर येईल, बघ. ते आपलं काम नाही असं तुला सांगणारे भेटतील. बाहेरच्या दुकानात पन्नास-शंभर रुपये मोजून बाई अर्ज भरते आणि त्यात काय लिहिलं हे तिला कुणी वाचून दाखवत नाही. वाचून दाखवणं हे वाचनालयाचंच काम आहे. बुधवारी दोन तास ठेव, अभ्यासिकेतली मुलं मदतीला घे. त्यांना हे छान जमतं. एक खबरदारी मात्र जीव लावून घे. आमच्या संगणकाचा डाउनलोडचा फोल्डर मी एकदा सहज उघडला, तर आत शेकडो आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, जातीचे दाखले. कुणीही यावं आणि उचलावं. माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मदतीचा तास संपला की सगळं पुसूनच संगणक बंद होतो. नव्या पुस्तकांची माहिती व्हॉट्सॲपवर दे, पण ग्रुप करू नको, ब्रॉडकास्ट लिस्ट कर. ग्रुपमधून एका मुलीचा नंबर भलत्याच माणसाकडे गेला, आणि तिने सभासदत्व सोडलं. तो दोष माझा होता.

कुणी एखाद्या गाजलेल्या पुस्तकाची पीडीएफ मागितली तर स्पष्ट नाही म्हण. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेकदा हजार-अकराशे प्रतींची असते, त्यातून लेखक-प्रकाशक कसे जगतात ते तू बघितलंयस. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटली की पुस्तक सर्वांचं होतं. तसलं जुनं धन खुशाल दे. मराठी विश्वकोशही इंटरनेटवर सर्वांना खुला आहे.

दृष्टिहीन वाचकांसाठी मात्र कायदा आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर त्यांच्यासाठी पुस्तक सुलभ स्वरूपात करून देता येतं. दृष्टिहीनांना पुस्तकं सुलभपणे मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारत, 2014 साली. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय त्यांच्यासाठीच आहे. एका संगणकावर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाक, ते फुकट आहे, आणि बरे हेडफोन घे. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते, दृष्टी पन्नाशीत गेलेली. यंत्राचा मराठी आवाज रूक्ष, उच्चार कधी कधी विचित्र. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं, आणि अर्धा तास मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "पान मी उलटलं." आधीची सात वर्षं त्यांच्यासाठी दुसरंच कुणीतरी पान उलटत होतं.

दहा टॅब सध्या राहू देत. ते पैसे उरतील, त्यातून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या कर. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला आणलं आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी धाडली. शंभर वर्षांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेने तीच पेटी पुन्हा उचलली, आणि ती दुबईतल्या मराठी घरांपर्यंत गेली. तुझ्या तालुक्यात दूध संकलन केंद्रं आहेत, आशाताई आहेत, एसटी आहे. शंभर पुस्तकांची पेटी एका वाडीला चार महिने. पेटीत काय भरायचं ते त्या वाडीतल्या बाईला विचारून भर.

तुझी वही तीस पानांची झाली की पानांचे फोटो काढून पाठव. अक्षर लागलं नाही तर मी फोन करीन. आणि कडी बघितलीस का, तेही कळव.

तुझ्या,
बाई