मस्टँगला नवा रंग? मुळीच नको!

बाबांनी सत्तरच्या दशकात डेट्रॉइटला सेकंडहँड घेतलेली १९६७ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप (पक्क्या टपाची, मागे डिकी वेगळी दिसणारी), रंग मूळचा, गंज नाही. आता त्यांनी गाडी चालवणं सोडलंय, तर विकण्याआधी रंगवून घ्यावी का, असं विचारलंय तुम्ही.

अजिबात नको. नव्याने रंगवलेल्या मस्टँग पैशाला पासरी आहेत. कारखान्यातला रंग एकदा गेला की गेला. जाणकार गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊनच येतं, आणि ताजा रंग दिसला की याखाली काय दडवलंय ही शंका आलीच. ओरखडे असू देत, उलट त्यांचे जवळून फोटो टाका.

हुड उघडून ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचा. पहिला ७ म्हणजे १९६७. पुढचं अक्षर कारखान्याचं: एफ डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मेटचेन. मग ०१, म्हणजे हार्डटॉप. त्यानंतरच्या अक्षरावर किंमत बरीच हलते: टी असेल तर २०० घन इंचांचं सहा सिलिंडरचं साधं इंजिन, सी किंवा ए असेल तर २८९ चं आठ सिलिंडरचं व्ही-८, एस असेल तर ३९०; मग तर चांदीच. मार्टी रिपोर्टही मागवा. फोर्डच्या नोंदींवरून गाडी मुळात कशी बनली ते त्यात कळतं, आणि त्या नोंदी १९६७ पासूनच्याच आहेत, थोडक्यात बचावलात.

‘गंज नाही’ हे मात्र मी इतक्यात मानणार नाही. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाइपने पाणी सोडा आणि कुणाला तरी डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवं व्हायला सांगा. या गाड्यांचा तिथला पत्रा आतून कुजतो, बाहेरून पत्ता लागत नाही. थेंब पडले तर जाहिरातीत तसं लिहा. लपवलंत तर सौदा दारात येऊन मोडेल.

भाव ठरवताना लोकांनी काय मागितलंय ते सोडा, गाड्या खरोखर कितीला गेल्या ते बघा. फास्टबॅकचे (टप मागे सलग उतरत जातो त्या मस्टँगचे) आकडे बघून हुरळू नका, हार्डटॉपला तेवढे येत नाहीत.

कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतःच्या नावे काढलेले चेक, हुबेहूब खोटे निघतात, म्हणून व्यवहार गाडी घेणाऱ्याच्या बँकेत, खिडकीसमोर करा. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, बाबांच्या नावावर असेल तर सही त्यांचीच लागेल. आणि मिशिगनमध्ये असाल तर नंबरप्लेट काढून घ्या; ती गाडीबरोबर जात नाही.