बत्तीसशेचं खुराडं आणि सातशेचा हप्ता

मिनियापोलिसजवळून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 38, आयटीत नोकरी, पगार वर्षाला 1,10,000 डॉलर, ग्रीन कार्डच्या रांगेत, एच-वन व्हिसावर. मार्च 2025 मध्ये अमेरिकेत अंडी सरासरी सव्वासहा डॉलर डझन झाली, तेव्हा यांनी परसात सहा कोंबड्या आणल्या. चार प्लिमथ रॉक, दोन लेगहॉर्न. गेल्या हिवाळ्यात दिवसातून चारदा बर्फ फोडून पाणी द्यावं लागलं, म्हणून आता 3,200 डॉलरचं हीटरवालं तयार खुराडं घ्यायचंय. लिहितात: 'दुकानाच्या कार्डावर 18 महिने बिनव्याजी घेऊ, की 401-के (नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं) मधून कर्ज काढू? ऊब मिळाली की थंडीतही अंडी देतील, शेजारी सहा डॉलरने घेतील, दोन वर्षांत पैसे वसूल.'

कार्ड नको, कर्ज नको आणि खुराडंही नको.

आधी वसुली बघू. सहा कोंबड्या वर्षाला फार तर 1,300 अंडी देतील, म्हणजे 110 डझन. सगळी विकली तरी 660 डॉलर. खाद्याची पन्नास पौंडांची गोणी महिनाभर पुरते. तिचे आणि भुश्याचे वर्षाला 400 वजा करा. उरले 260. बत्तीसशे फिटायला बारा वर्षं लागतील आणि कोंबडी दोन-तीन वर्षंच जोमानं अंडी देते. शिवाय तुम्हीच लिहिलंय की घरात आठवड्याला दीड डझन संपतात. मग विकणार काय? आणि तो सव्वासहाचा भाव तर त्याच उन्हाळ्यात चार डॉलरच्या खाली आला.

ऊब दिली म्हणून अंडी येत नाहीत, उजेड मिळाला तर येतात. कोंबडीला चौदा-सोळा तास प्रकाश लागतो आणि डिसेंबरात तुमच्याकडे दिवस नऊ तासांचाही नसतो. गेल्या थंडीत अंडी मिळाली ती त्या तलंगा होत्या म्हणून. यंदा पिसं गाळून बसतील. फारच हौस असेल तर टायमर लावून पहाटे एक छोटा एलईडी दिवा पेटवा.

प्लिमथ रॉकसारखी कोंबडी कोरडी असेल तर उणे वीसही सोसते. तिला मारते ती ओल. पहाटे खुराड्याच्या खिडकीच्या काचेला आतून दव किंवा बर्फ धरला असेल तर छताजवळचे झरोके अपुरे आहेत. ते वाढवा, पण कोंबड्या बसतात त्या उंचीवर वारा लागू देऊ नका. बसायची फळी दोन बाय चार इंची, रुंद बाजू वर. म्हणजे पिसांखाली पाय झाकले जातात. लेगहॉर्नचा तुरा मोठा, हिमदंश आधी त्यांनाच होईल, तेव्हा लक्ष त्या दोघींवर ठेवा. पाण्यासाठी धातूच्या भांड्याखाली ठेवायची थर्मोस्टॅटवाली तापती बैठक पन्नास-साठ डॉलरला मिळते. सव्वाशे वॅटची, पाच महिने अखंड चालली तरी बिल सत्तरच्या आसपास. बाहेर वापरायची वायर, भुसा, फळी, वाऱ्याला आडवं प्लास्टिक धरून वीज सोडता दीडशे-पावणेदोनशेत काम होतं. तापवायचा अडीचशे वॅटचा दिवा मात्र अजिबात नको, त्यानं खुराडी जळतात.

आता पत्रातली ती ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: '401-के मध्ये भरणं वीस महिन्यांपूर्वी थांबवलं, कारण मंडळातल्या एका मित्रानं करमुक्त निवृत्तीची पॉलिसी दिली, हप्ता 700.'

ही इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी बचत जोडलेला आयुर्विमा. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत ती कशी खपते हे मला पुरतं ठाऊक आहे. गणपतीची आरती होते, प्रसाद होतो आणि मग लॅपटॉप उघडतो. वीस महिन्यांत भरले 14,000 आणि आज मोडली तर हातात 3,900, हे तुमचेच आकडे. म्हणजे दहा हजार गेले. त्यात पाच लाखांचं विमाकवच मिळालं, हे खरं. पण निरोगी माणसाला तुमच्या वयात तेवढा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, महिना तीस-चाळीस डॉलरला मिळतो, वीस महिन्यांचे झाले आठशे. आणि तुमची कंपनी पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत जे भराल त्याच्या निम्मं स्वतः घालते. वर्षाला 3,300. वीस महिन्यांत साडेपाच हजार डॉलर तुम्ही नको म्हणालात. दोन्ही मिळून पाच खुराडी झाली की हो!

मित्रानं दाखवलेला कागद काढा. त्यात दोन रकाने असतात. एकात सात टक्क्यांनी फुगत गेलेली रक्कम, तीच त्यानं पिवळ्या मार्करनं रंगवली असेल. शेजारी 'गॅरंटीड' रकाना असतो. तुमच्या वयाच्या साठाव्या वर्षाच्या ओळीवर बोट ठेवून तो वाचा. इंडेक्सच्या वाढीवर वरून मर्यादा, लाभांश धरलेला नाही, आणि वयाबरोबर विम्याचा खर्च चढता. 'करमुक्त' पैसे म्हणजे पॉलिसीवर काढलेलं कर्ज.

क्रम असा ठेवा. पुढच्याच पगारापासून 401-के सहा टक्क्यांवर. दहा लाखांच्या टर्म विम्याचा अर्ज या आठवड्यात. तो मंजूर होऊन सुरू होईपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका. मग मोडा आणि ते 3,900 बचत खात्यात टाका, कारण तिथे आज फक्त 2,500 आहेत. नोकरी गेली तर एच-वनवर नवी नोकरी शोधायला तुमच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. अशा माणसानं 401-के मधून खुराड्यासाठी कर्ज काढायचं? नोकरी सुटली की ते कर-विवरणाच्या मुदतीपर्यंत फेडा, नाहीतर कर आणि वर दहा टक्के दंड. दुकानाच्या कार्डावरही अठराव्या महिन्यात थोडी बाकी राहिली तर बहुतेक वेळा व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. ती अट बारीक अक्षरात असते.

सातशेतून टर्मचे सत्तर आणि 401-के मुळे हातात कमी येणारे साडेचारशेच्या आसपास गेले, तरी दोनेकशे उरतात. तेही बचतीत.

मित्राचा फोन येईलच. 'आत्ता मोडलीस तर नुकसान, आणखी दोन वर्षं थांब,' म्हणेल. दोन वर्षं म्हणजे आणखी 16,800. त्या दोन वर्षांत सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी मोडताना कापली जाणारी रक्कम, नेमका किती डॉलरनं उतरेल, ते त्याच्याकडून नको, विमा कंपनीकडून लेखी मागवा.