सात महिने न दाबलेलं बटण

पहिल्याच भेटीत तिने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, हे एवढं एक बटण आहे. सात महिने झाले, माझ्याकडून ते दाबलंच जात नाहीये."

बटण होतं पुल रिक्वेस्टचं, म्हणजे आपण केलेला बदल ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाकडे तपासायला पाठवण्याचं. (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) रोजच्या कामात जी फुकट मिळालेली साधनं वापरते, त्यांना आपलाही हातभार लागावा असं तिला मनापासून वाटत होतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट शिकून झालं होतं, दोन कोर्स झाले होते. 'गुड फर्स्ट इश्यू' अशी खूण केलेली, नवख्यांसाठी राखलेली कामं ती रोज रात्री चाळायची. एखादं आवडलं की वाटायचं, हे आपल्याला झेपणार नाही. झेपेलसं वाटावं, तर त्यात कुणीतरी आधीच हात घातलेला असायचा.

अशी बरीच मुलं-मुली हल्ली माझ्याकडे येतात आणि वाक्य जवळपास तेच असतं: "आधी नीट येऊ दे, मग सुरुवात करते."

मी विचारलं, "बटण दाबलंस तर काय होईल?"

"नाकारतील," ती पटकन म्हणाली. मग बराच वेळ गप्प बसून, "चूक सगळ्यांना दिसेल. माझ्या नावानिशी. कायमची."

'काही होत नाही गं' असं मी म्हटलं नाही, कारण तिची भीती निराधार नव्हती. तिथली चर्चा खरंच उघड्यावर असते आणि राहते. नावाची धास्ती कमी करण्यापुरते उपाय आहेत: असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या गिटहबवर टोपणनावाने खातं काढता येतं, कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, स्वतःच्या ई-मेलऐवजी त्यांनी दिलेला पर्यायी पत्ता वापरता येतो. ते तिने केलं. पण मूळ दुखणं नावाचं नव्हतं.

मी तिला 2000 साली प्रसिद्ध झालेला मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असणार. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाच्या आला होता.

तिने लगेच अडवलं. "पण मॅडम, प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर तर बघणारच ना? त्यांचं कामच आहे ते."

तिचं बरोबर होतं, मी तसं म्हटलंही. मग तिला घरचं काम दिलं: त्याच प्रकल्पातल्या जुन्याजाणत्या लोकांच्या दहा पुल रिक्वेस्ट उघडायच्या आणि किती जणांना एकही दुरुस्ती सुचवली गेली नाही ते मोजायचं. पुढच्या वेळी ती आली ती बोलतच. "ज्यांनी हा प्रकल्प सुरू केला ना, त्यांच्यासुद्धा कामात तीन दुरुस्त्या!"

त्याच दिवशी तिच्या पिशवीतून एक वही निघाली. प्रकल्प स्वतःच्या मशीनवर चालू करताना केलेल्या खटाटोपाची टिपणं. चौथ्या पायरीखाली दोन रेघा मारलेल्या. रीडमीत, म्हणजे प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलीत, थेट कमांड दिली होती, पण त्या कमांडआधी एका साधनाची नवी आवृत्ती लागते हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यात तिच्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

"हे त्यांना कळवलंस?"

"यात काय कळवायचं? मलाच आलं नाही ते."

मला तिथेच थांबावंसं वाटलं. ज्यांनी ते साधन बनवलं, त्यांच्या मशीनवर ती आवृत्ती कधीपासून बसलेली असणार. ही गाळलेली पायरी त्यांना दिसणार तरी कशी? ती नव्याने येणाऱ्यालाच दिसते, तीही थोडेच दिवस. महिनाभराने तिलाही दिसली नसती. 'आधी नीट येऊ दे' म्हणत ती नेमकी हीच नजर घालवून बसणार होती.

तिने आधी योगदानाचे नियम वाचले, दोन ओळींचा इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, टाकला, मग रीडमीत एक ओळ घातली. बटण तिने घरी एकटीनेच दाबलं.

तीन दिवस उत्तर नाही. तिचा घाबरा निरोप आला. मी कळवलं, ही मंडळी बहुधा आपलं काम सांभाळून हे करतात. आठवडाभर थांब, मग एकदा नम्रपणे आठवण कर. पाचव्या दिवशी उत्तर आलं, वर लिहिलेलं: बदल हवेत. पडलेल्या चेहऱ्याने ती समोर बसली. मी तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. "धन्यवाद. ही आवृत्ती विंडोजवरही लागते का? लागत असेल तर तेही याच ओळीत लिहाल का?"

दुसऱ्यांदा वाचताना ती मध्येच थांबली. "म्हणजे ते मला विचारताहेत?"

सगळीकडे असं गोड वागतात असं मात्र नाही. लिनक्स ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी 2018 च्या सप्टेंबरमध्ये आपल्या कठोर वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ लिनक्सच्या कामातून रजा घेतली होती. म्हणून मी सांगते, प्रकल्प निवडताना कोडआधी नवख्यांना मिळालेली उत्तरं वाचा. बोलणं दुखावणारं असेल, तर सरळ दुसरीकडे जा.

तिची ओळ दोन दिवसांनी मर्ज झाली, म्हणजे प्रकल्पात सामील झाली. पुढच्या भेटीत मी काही विचारायच्या आत तिने वही उघडली आणि सहाव्या पायरीवर बोट ठेवलं. "इथेही मी अडकले होते."