गेम कन्सोलची स्टिक आपोआप सरकते, वॉरंटी बाकी आहे. रत्नागिरीतच दुकानात उघडून घेऊ का?

अजिबात नको, आधी कंपनीकडे सीरियल नंबर देऊन तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मिळाला की मगच कुरिअर करा. माझं चिपळूणला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तरी हेच सांगतो: बाहेरच्या कुणी स्क्रू उघडला की कंपनी हात वर करायला मोकळी. आपल्याकडे खरी डोकेदुखी ओलीची. बऱ्याच यंत्रांत पाणी लागलं की लाल होणारी बारीक पांढरी पट्टी असते. ती लाल दिसली की खर्च बहुधा तुमच्याच खिशातून. म्हणून पावसाळ्यात खोक्याआधी प्लास्टिकची पिशवी. मेमरी कार्ड काढून ठेवा, बिलाची झेरॉक्स जोडा, आणि आत लिथियम बॅटरी आहे हे कुरिअरवाल्यापासून लपवू नका. मात्र दुबईहून कुणी आणलेला असेल, तर वॉरंटी बहुतेकदा तिथल्यापुरतीच. मग आमच्यासारख्यांकडे या.