लीक मुरू द्यावा लागतो

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात मुलीने हौसेने दोन मोठे लीक आणले, ती कांद्याच्या कुळातली जाड, पांढऱ्या दांड्याची भाजी. सोया सॉस आणि साखरेत शिजवलेला, खारट-गोड चवीचा जपानी पद्धतीचा लीक तिने कुठेतरी खाल्ला होता, तसाच हवा होता. मी चिरून पातेल्यात टाकला, दोन भांडी पाणी, चार मोठे चमचे डार्क सोया, साखर असं सगळं घालून वीस मिनिटं खळखळ उकळला. रंग काळाकुट्ट, चव खारट. वरचं साल दोरीसारखं सुटून आलं, आतला गाभा बेचव आणि दाताखाली माती कचकचली. पोरगी काही बोलली नाही, पण ताटात तसाच राहिला. माझं काय चुकलं? लीक नाही मिळाला तर कांद्याची पात चालेल का? आम्ही शाकाहारी आहोत, घरात दारूही येत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं हे वाक्य, ‘पोरगी काही बोलली नाही’, वाचून मला फार वाईट वाटलं. म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहिते.

२००६ साली आम्ही तोक्योच्या निशी-कासाईत राहायला गेलो. २००० सालच्या आसपास संगणकाच्या कामासाठी आलेले बरेच भारतीय तिथे स्थिरावले होते, त्यामुळे तूरडाळ, पोहे, हिंग सगळं मिळायचं. भाजीच्या दुकानात मात्र पहिल्या हिवाळ्यात मी थबकले. हातभर लांब, पांढऱ्याशुभ्र दांड्याच्या जुड्या पिशव्यांतून डोकं वर काढून उभ्या. ही जपानची नेगी. तुमच्या लीकची ती चुलत बहीण म्हणा. लीकची पानं चपटी आणि दुमडलेली, नेगीची आपल्या पातीसारखी पोकळ. लीक जास्त चिवट असतो, त्याला वेळही जास्त लागतो. स्वयंपाकाची रीत मात्र दोघांना एकच लागू पडते.

मी त्या नेगीची पीठ पेरून भाजी केली. चांगली झाली होती. शेजारच्या आजींना वाटीभर नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून उभं केलं. मला तेव्हा जपानी येत नव्हतं, म्हणून मी फक्त बघत राहिले. त्यांनी नेगीचे चार-चार सेंटिमीटरचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर सुरीच्या टोकाने बारीक तिरक्या चिरा दिल्या, आपण मासळीला देतो तशा, पण जेमतेम वरचा एक-दोन थर कापेल इतक्याच. पुसून कोरडे केलेले तुकडे थोड्या तेलावर आडवे मांडले आणि हात मागे घेतला. मी ढवळायला उलथणं उचललं, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून ओट्यावर ठेवलं. तुकड्यांवर तपकिरी डाग पडेपर्यंत हलवायचं नाही. मग उलटायचे. मग थोडं पाणी, साखर, नंतर सोया. वर पातेल्याच्या तोंडापेक्षा लहान असं लाकडी झाकण थेट भाजीवरच टेकवलं. दहा मिनिटांनी गॅस बंद केला. मी ताटली पुढे केली, तर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या. अर्ध्या तासाने, भाजी पुरती कोमट झाल्यावर, वाढलं.

पुढे भाषा आली तेव्हा कळलं की त्यांच्याकडे याला ‘अजि गा शिमिरु’ म्हणतात, म्हणजे चव मुरणं. आपल्याकडे लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, तशी तिथे शिजवलेली भाजी मुरते. तुमच्या पातेल्यात नेमकं हेच राहून गेलं. तुम्ही चव उकळून आत घालायला गेलात, आणि ती आत शिरते आच बंद झाल्यावर.

गरमागरम न वाढण्याला आणखी एक कारण आहे. नेगी दाताखाली दाबली की आतला कढत गाभा सटकन घशाकडे सुटतो. जपानीत याला चक्क ‘नेगी-तेप्पो’ म्हणतात, म्हणजे नेगीची बंदूक. माझ्या धाकट्याची जीभ अशी एकदा भाजली आहे. मुलांना वाढताना लक्षात ठेवा.

आता तुमच्या एकेका तक्रारीकडे येते.

माती. लीकचा दांडा पांढरा राहावा म्हणून शेतकरी वाढत्या रोपाला मातीची भर देत जातात. ऊन लागत नाही, दांडा गोरा आणि कोवळा राहतो, पण पानांच्या बेचक्यांतून माती आत उतरते. वरून नळाखाली धरून ती जात नाही. पांढरं आणि हिरवं जिथे मिळतं तिथून वरच्या बाजूने उभी चीर द्या, थर पंख्यासारखे उघडून पाण्यात खळबळा. पांढरे तुकडे केल्यावर तेही मोठ्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा. तुकडे हाताने वर काढून घ्या, पाणी ओतू नका, नाहीतर तळाची माती पुन्हा त्यांच्यावरच येते.

दोरे. यावर उपाय आजींच्या चिरा. लीक जाड असेल तर सर्वांत बाहेरचा थर काढूनच टाका. त्याचा मोह नको.

बेचव गाभा. कांद्याच्या कुळात गोडी असतेच. चिरल्यावर जो उग्रपणा सुटतो तो तिला झाकून टाकतो. आच लागली की उग्रपणा उडतो आणि गोडी उरते. गुन्मा प्रांतातल्या शिमोनिता गावची बुटकी, जाड नेगी कच्ची खाल्ली तर डोळ्यांत पाणी आणते, आणि तीच शिजवली की मधासारखी लागते. म्हणून आधी तेलावर डाग पडू द्या. दोन भांडी पाण्यात उकळलेल्या लीकची गोडी त्या पाण्यात गेली, आणि ते पाणी तुम्ही बहुधा फेकून दिलंत.

खारटपणा. इथे दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे क्रम. जपानी घरांत मुलींना ‘सा-शि-सु-से-सो’ शिकवतात. ही त्यांच्या बाराखडीतली एक ओळ, आणि चवी घालायचा क्रमही तोच. सा म्हणजे सातो, साखर. शि म्हणजे शिओ, मीठ. सु म्हणजे व्हिनेगर. से म्हणजे शोयू, सोया सॉस, जुन्या लेखनात ‘सेउयू’. सो म्हणजे मिसो, सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. साखर हळू शिरते म्हणून ती आधी. सोया आणि मिसोचा वास फार उकळल्याने जातो म्हणून ते शेवटी. तुम्ही सोया पहिल्यापासून वीस मिनिटं आटवलात, त्यात वास गेला आणि मीठ तेवढं राहिलं.

दुसरी गोष्ट बाटलीची. डार्क सोया चिनी स्वयंपाकात मुख्यतः रंगासाठी असतो, तो चमचाभर पुरे. आपल्याला हवा साधा, आंबवून केलेला सोया सॉस. बाटलीवर सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलेलं असेल तर उत्तम. आणि ‘लाईट’ हा शब्द वाचून मीठ कमी असेल असं धरू नका, तो रंगाबद्दल आहे. जपानी फिकट सोया, उसुकुची, तर गडद सोयापेक्षा अधिक खारट असतो.

आता प्रमाण. दोन मध्यम लीकचा पांढरा आणि पोपटी भाग, साधारण ३०० ग्रॅम. एक मोठा चमचा तेल. पाऊण वाटी, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर पाणी. तीन छोटे चमचे साखर. दीड मोठा चमचा सोया. आल्याच्या तीन पातळ चकत्या. पसरट कढईत तुकडे एका थरात मांडून दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं, डाग पडेपर्यंत. पाणी, आलं, साखर घालून मंद आचेवर बारा मिनिटं. सोया घालून आणखी आठ. लाकडी झाकण नसेल तर अॅल्युमिनियम फॉइल गोल कापून, मधे भोक पाडून भाजीवरच टेकवा. रस थोडा असला तरी तो झाकणाला आपटून वरच्या बाजूलाही लागत राहतो, आणि तुकडे नाचून फुटत नाहीत. सुरी आत लोण्यासारखी गेली की बंद करा. मग निदान अर्धा तास मुरू द्या. रात्री करून सकाळी खाल्ला तर त्याहून चांगला लागतो. वाढताना भाजलेले तीळ.

तिथल्या पारंपरिक रशात माशाच्या कीसाचा अर्क असतो, तो तुम्हाला चालणार नाही. कोम्बू म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, त्याचा बोटभर तुकडा त्याच पाण्यात अर्धा तास भिजवा आणि पाणी उकळण्याआधी काढून घ्या. १९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी याच शेवाळातून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. कोम्बू नसेल तर वाळलेले शिताके मशरूम रात्रभर फ्रिजमध्ये भिजवून त्याचं पाणी वापरा. दोन्हीपैकी एक असलं तर सोया एक मोठा चमचाच पुरतो.

जपानी घरांत अशा भाजीत मिरीनही घालतात. ही चिकट तांदळापासून केलेली गोड मद्यासारखी वस्तू, अस्सल मिरीनमध्ये सुमारे १४ टक्के मद्यार्क असतो. तुमच्याकडे चालत नाही तर वगळा, साखर त्यासाठीच थोडी वाढवून दिली आहे. मला स्वतःला साखरेऐवजी निम्मी काकवी आवडते. ओकिनावा बेटांवर उसाच्या काळ्या साखरेत आणि सोयात पदार्थ शिजवतात, तो वास थेट आपल्या गुऱ्हाळाचा. आमटीत गूळ घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही चव परकी वाटत नाही. गूळ घातलात तर सोया आधी जरा कमीच घाला, कारण काही गूळ खारट असतो.

चिनी वळणाची भाजी हवी असेल तर शान्तोंग प्रांताकडे बघा. तिथल्या चांग्छ्यू भागातली पात माणसाच्या उंचीची होते. तिथे ती तेलात सोनेरी तळून मग गडद रसात घोळवतात. चव जोरकस येते, पण तेल पुष्कळ लागतं. रोजच्या जेवणासाठी मला आजींचीच रीत पटते.

आणि हो, कांद्याची पात चालेल, फक्त वेगळ्या रीतीने. खालचे पांढरे कांदे अख्खे ठेवून वरच्याप्रमाणेच डाग पाडा, पाणी निम्मं घ्या, सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. हिरव्या पानांच्या दोन-दोन काड्यांना सैल गाठ मारून शेवटच्या दोन मिनिटांत टाका. पातीला लीकचं मऊ, रसाळ अंग येत नाही, पण चव छान लागते.

तुमच्या मुलीला पुन्हा एकदा करून घाला, आणि जमलं की कळवा.

प्रश्न : आमच्याकडे कांदेनवमीला कांदा संपवतात, मग चातुर्मासभर कांदा-लसूण नाही. जपानमधल्या बौद्ध मठांचं जेवण शाकाहारी असतं म्हणतात. तिथे ही नेगीची भाजी करतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. तुमचा आणि त्यांचा नियम इथे एकच आहे. कांदा, लसूण, नेगी असल्या उग्र भाज्या मठाच्या स्वयंपाकात वर्ज्य. झेन मंदिरांच्या दाराशी कित्येक ठिकाणी दगडी खांब असतो, त्यावर कोरलेलं असतं की उग्र भाज्या आणि मद्य यांना या दारातून प्रवेश नाही. पहिल्यांदा कुणीतरी मला ती अक्षरं वाचून दाखवली तेव्हा मी माझ्या आजीची आठवण काढत कितीतरी वेळ तिथेच उभी होते. ती आषाढात कांद्याची टोपली माळ्यावर चढवायची.

तुम्ही हीच खारट-गोड चव लाल भोपळ्यावर आणा. जपानमध्ये हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी भोपळा खायची प्रथा आहे, आणि तो बहुतेक असाच शिजवतात. मोठ्या फोडी, साल ठेवून, साल खाली येईल अशा एका थरात मांडायच्या. आपल्या भोपळ्याला पाणी जास्त सुटतं, म्हणून अर्धी वाटीच पाणी घाला. आधी साखर, पाच मिनिटांनी सोया, आणि चमच्याने ढवळू नका. बंद करून मुरू द्या.

प्रश्न : लीकची वरची गडद हिरवी पानं टाकवत नाहीत. काय करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकू नका. ती चिवट असतात, म्हणून आडवी, कागदासारखी पातळ चिरा आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीवर बेसन पेरून परता, झाकण ठेवून दोन वाफा द्या. कांद्याच्या पातीपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त लागतील. उरलेली दोन-तीन पानं आल्याच्या तुकड्याबरोबर दोऱ्याने बांधून सुपाच्या पाण्यात अर्धा तास सोडा, मग जुडी काढून टाका. धुताना मात्र एकेक पान उलगडून बघा, सगळ्यात जास्त माती तिथेच असते.