बायपासनंतर घरचे नोकरी सोडायला सांगत असतील तर काय करावे?

बायपासला दोन महिने झाले, डॉक्टरांची कामावर जाण्यास हरकत नाही, घरचे मात्र राजीनामा द्यायला सांगतात, असे तुम्ही लिहिले आहे. राजीनामा देऊ नका. हा निर्णय घरच्यांच्या धास्तीवरून नव्हे, तर हृदयाची मोजलेली क्षमता आणि तुमच्या कामाचे स्वरूप यांवरून घ्यायचा असतो.

मी पिंपरीतील एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या मशीनवर, काम करतो. माझ्या बायपासनंतर थोरल्या भावाने मला न विचारताच स्वेच्छानिवृत्तीची भाषा सुरू केली. “छाती उघडलेला माणूस पुन्हा मशीनवर उभा राहत नाही,” हे त्याचे वाक्य घरात सर्वांनी प्रमाण मानले. छातीचे मधले हाड तारांनी बांधलेले असते. ते जुळायला ६ ते ८ आठवडे आणि पुरते भक्कम व्हायला साधारण ३ महिने लागतात. तोवर जड उचलायचे नाही, सर्जन सांगेपर्यंत दुचाकीला हात लावायचा नाही, खोकताना उशी छातीशी धरायची, हे मी काटेकोरपणे पाळले. पण दादाच्या लेखी ही मुदत संपणारीच नव्हती.

मला उभे केले ते कार्डियाक रिहॅबच्या, म्हणजे हृदयरुग्णांना देखरेखीखाली व्यायाम देऊन पुन्हा कामाला सज्ज करणाऱ्या उपक्रमाच्या, फिजिओथेरपिस्ट बाईंनी. बोटाला ऑक्सिमीटर लावून त्या मला कॉरिडॉरमध्ये ६ मिनिटे चालवीत आणि श्रम किती वाटले ते ६ ते २० या मोजपट्टीवर विचारीत; आकडा ११ ते १३ च्या आसपास राहावा, म्हणजे दम लागला तरी बोलता यावे, असा त्यांचा दंडक होता. मग त्यांनी कामाची बारीक चौकशी केली: जॉब, म्हणजे कातायचा धातूचा तुकडा, किती किलोचा, कोणत्या उंचीवर उचलून चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरावा लागतो, पाळीत किती वेळ उभे राहावे लागते. चकची चावी आवळताना जोर खांद्यावर आणि छातीवर येतो, हे मी करून दाखवले, तेव्हा तीच हालचाल त्यांनी रबरी पट्टा लावून, आधी अगदी हलक्या ताणाने, माझ्याकडून घोटून घेतली. पुढे ट्रेडमिल चाचणी झाली आणि हृदयरोगतज्ज्ञांनी फिटनेस दिला. सुरुवातीला फक्त दिवसपाळी, एवढीच अट होती. आज मी माझ्याच मशीनवर आहे.

दादा आजही याला नशीब म्हणतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या जवळजवळ ४,००० भारतीय रुग्णांवर २४ रुग्णालयांत झालेल्या योग-केअर चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मृत्यू वा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही, हे खरे. पण योगाधारित रिहॅब घेतलेले रुग्ण आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. याला नशीब कसे म्हणायचे? घरी बसवून ठेवणे ही माया असेल, उपचार नव्हे. तुमच्या घरच्या मंडळींना एकदा रिहॅबच्या खोलीत नेऊन बसवा; दादा कधीच आला नाही.

बैठे काम असेल तर २ महिन्यांनी बहुतेकांना परतता येते, अंगमेहनतीच्या कामाला ३ महिने किंवा अधिक लागतात. हृदयाचे पंपिंग कमी असेल, ठोके अनियमित असतील किंवा तुम्ही अवजड वाहन चालवत असाल, तर माझे उदाहरण तुम्हाला लागू नाही. छातीच्या हाडात कटकट असा आवाज जाणवला किंवा जखमेतून स्राव आला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनला दाखवा.